फेलिक्स मान्झ : मतासाठीं बुडविलेला सत्यनिष्ठ पुरुष

(एका गांवच्या सभेंत शाळेच्या शिक्षकानें केलेलें भाषण)



आज जी हकीकत मी सांगणार आहे ती पांचशें वर्षांपूर्वींची, युरोप खंडांतील स्वित्झर्लंड देशाची आहे. माणसाचें नांव फेलिक्स मान्झ. तो राजा नव्हता, सेनापति नव्हता. जेमतेम तिशीच्या घरांत असतां त्याचे हात बांधून त्याला नदींत बुडविण्यांत आलें. गुन्हा काय? तर जाणत्या माणसानें आपण होऊन मागितल्यावांचून त्याला धर्माची दीक्षा देऊं नये, असें तो म्हणे. आणि बुडविणारे कोण? पोपचे चाकर नव्हेत. पोपची सत्ता झुगारून देणारे सुधारकच! ही गोष्ट ध्यानांत ठेवून पुढचें ऐका.

त्या काळीं त्या मुलखांत जन्म, लग्न, मरण यांपैकीं कोणताहि विधि उपाध्यायावांचून होत नसे. शास्त्र लॅटिन भाषेंत. कुणब्याला त्यांतलें अक्षर कळावयाचें नाहीं. शिवाय पिकाचा दहावा हिस्सा देवळामठांकडे जाई. दहा पायल्या पिकल्या कीं एक पायली गेलीच!

१५१९ सालीं झुरिक शहराच्या मोठ्या देवळांत झ्विंग्ली नांवाचा विद्वान उपदेशक आला. जें शास्त्रांत नाहीं तें माणसावर बंधनकारक नाहीं, असें तो उघड सांगूं लागला. तरुण मंडळी त्याच्याभोंवतीं जमली. त्यांत मान्झ होता. हा त्याच देवळाच्या एका धर्माधिकाऱ्याचा मुलगा. धर्माधिकाऱ्यास लग्नाची मनाई, म्हणून मुलाच्या जन्मास लोक कलंक मानीत. पण पोरगा बुद्धीचा तल्लख. लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा तो शिकला, आणि झ्विंग्लीचा सोबती झाला.

मग गुरुशिष्यांत फूट कां पडली? १५२३ सालीं झोलिकोन वगैरे आसपासच्या गांवांनीं नगरसभेकडे गाऱ्हाणें नेलें कीं, आमच्या धान्याचा हा दहावा हिस्सा बंद करा. सभेनें नकार दिला, आणि झ्विंग्लीनें सभेचीच बाजू घेतली. त्याच वर्षीं जुने विधि केव्हां बंद करावयाचे हा प्रश्न निघाला, तेव्हां तोहि त्यानें सभेवर सोंपविला. तरुणांनीं विचारलें, "शास्त्राचा निकाल झाला, मग पुन्हा सरकारची परवानगी कशाला?" सभेला दुखवून सुधारणा टिकणार नाहीं, असें गुरूला वाटत होतें. सभेच्या मर्जीवर चालणारी सुधारणा ही सुधारणाच नव्हे, असें शिष्यांना वाटत होतें.

शेवटीं गांठ पडली ती बाप्तिस्म्यावर. मूल जन्मलें कीं त्याच्या डोक्यावर पाणी घालून त्याला धर्मांत घेत. म्हणजे जो त्या गांवांत जन्मला तो त्या देवळाचा झालाच. त्याला कोणी विचारलें नाहीं. मान्झ म्हणे, ज्याला पाप कळत नाहीं, पुण्य कळत नाहीं, त्या तान्ह्याची दीक्षा कसली? धर्म हा जन्मानें चिकटत नाहीं. तो समजून उमजून घ्यावा लागतो. हें मत मान्य केलें तर गांव आणि देऊळ हीं एकच राहत नाहींत. म्हणून उपाध्याय आणि सरकार दोघेहि घाबरले.

ता. १७ जानेवारी १५२५ रोजीं नगरसभेपुढें वाद झाला. निकाल ठरल्यासारखाच होता. आठ दिवसांत मुलांचा बाप्तिस्मा करा, नाहींतर मुलूख सोडा, असा हुकूम सुटला. ता. २१ रोजीं रात्रीं मान्झच्या आईच्या घरीं दहापांच माणसें जमलीं. त्यांनीं प्रार्थना केली. मग कॉनराड ग्रेबेल यानें जॉर्ज ब्लौरोक याला त्याच्या मागणीवरून बाप्तिस्मा दिला, आणि ब्लौरोकनें इतरांना. ना घंटा, ना दक्षिणा, ना सरकारची मोहोर!

मग हीं माणसें झोलिकोनला शेतकऱ्यांच्या घरोघर गेलीं. तेथें शास्त्र लोकांच्या बोलींत वाचलें गेलें. शेतकऱ्यांनीं तोंडानें कबुली देऊन दीक्षा घेतली. आठवड्याभरांतच शिपाई आले व सुमारे २५ शेतकरी पकडले गेले. दंड, तुरुंग, धमक्या यांपुढें पुष्कळांनीं माघार घेतली. त्यांना हंसूं नका. गोठ्यांत जनावर आणि पदरांत लेंकरें असलीं म्हणजे तुरुंगाचा एकेक दिवस किती जड जातो, हें तुम्हांला मीं सांगावयास नको.

मान्झ मात्र पुन्हा पुन्हा पकडला गेला व सुटला कीं पुन्हा उपदेश करूं लागला. ता. ७ मार्च १५२६ रोजीं कायदा झाला कीं, जो कोणी पुन्हा बाप्तिस्मा देईल त्याला बुडवून मारावें. पाण्याचा गुन्हा, म्हणून पाण्याचीच शिक्षा! त्याच महिन्यांत मान्झ व त्याचे सोबती बुरुजांतून निसटले. पण डिसेंबरांत तो पुन्हा हातीं लागला. त्याचें म्हणणें तेंच होतें: ज्यांना ख्रिस्ताच्या मार्गानें जावयाचें आहे त्यांना एकत्र करावें, बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या विश्वासावर सोडावें, आणि कोणावर तरवार उचलूं नये.

ता. ५ जानेवारी १५२७, शनिवार. तिसऱ्या प्रहरीं त्याला लिम्मात नदीवर नेलें. त्याचे हात बांधून गुडघ्यांखालीं ओढले आणि कोपर व गुडघे यांमध्यें काठी अडकविली. त्याची आई व भाऊ जवळ आलीं होतीं. सरकारी उपदेशक त्याला मत सोडावयास सांगत होता. आई काय म्हणाली? "पोरा, माफी माग, घरीं चल," असें म्हणाली नाहीं. तिनें व भावानें त्याला खंबीर राहण्यास सांगितलें. तो मोठ्यानें लॅटिनमधून आपला जीव देवाच्या हवालीं करीत गात होता. मग त्याला पाण्यांत लोटलें. जें काय मालमत्तेंत होतें तें सरकारजमा झालें. त्याच दिवशीं ब्लौरोक याला फटके मारून शहराबाहेर काढलें. पुढें १५२९ सालीं टिरोलांत पोपच्या बाजूच्या सत्ताधाऱ्यांनीं त्याला जाळलें. एकाला सुधारकांनीं बुडविलें, दुसऱ्याला सनातन्यांनीं जाळलें!

बंधूंनो, या गोष्टींत मला सर्वांत जास्त जें टोंचतें तें हें. झ्विंग्ली लुच्चा नव्हता. त्यानें लोकांच्या मानेवरचें मोठें जूं उतरविलें. पण सत्ता जवळ आली, आणि आपल्याहून दोन पावलें पुढें जाणारा शिष्य त्याला शत्रु वाटूं लागला. धर्मगुरूला जो प्रश्न त्यानें स्वतः विचारला होता, तोच शिष्यानें त्याला विचारला. उत्तर काय मिळालें? नदी!

जुलूम मोडणें हें अर्धें काम. मोडल्यावर आपण त्याच गादीवर बसून तोच दंडा हातीं घेत नाहीं ना, हें पाहणें हें उरलेलें अर्धें. ज्या चळवळींत धाकट्यानें थोरल्याला "हें कां?" असें विचारतांच त्याला बाहेर काढतात, ती चळवळ उपाध्याय बदलते, उपाध्यायगिरी नाहीं.

झुरिकला हें उमजावयास फार वर्षें लागलीं. २००४ सालीं लिम्मातच्या कांठीं मान्झ व त्याच्या सोबत्यांच्या स्मरणार्थ शिळा बसविण्यांत आली, आणि झ्विंग्लीच्याच परंपरेच्या चर्चनें झाल्या जुलुमाबद्दल क्षमा मागितली. ४७७ वर्षांनीं! त्याच्या मताचे मेनोनाइट, आमिश वगैरे पंथ आज देशोदेशीं आहेत. त्यांतील कित्येक लोक शेतीवर जगतात आणि शस्त्र धरीत नाहींत.

क्षमा मागितली हें चांगलेंच झालें. पण नदीकांठीं उभ्या राहिलेल्या त्या आईला ती कोठें ऐकूं येणार? म्हणून जो आपल्याहून वेगळें बोलतो त्याचें म्हणणें तो जिवंत आहे तोंच ऐकून घेऊं या. पटलें नाहीं तर वाद करूं, पण त्याचा हुक्कापाणी बंद करणार नाहीं, एवढा निश्चय करून आज घरीं जा.