दारची जास्वंद

लाल एकेरी जास्वंद जरा जवळून पाहा. पाच पाकळ्यांमधून एक लांब दांडी बाहेर डोकावते. तिच्यावरचे पिवळे ठिपके म्हणजे पुंकेसरांचे परागकोश. टोकाचे पाच मखमली गोळे स्त्रीकेसराचे. एकाच दांडीवर दोन्ही, किती सुंदर रचना! भेंडी आणि कापूस जास्वंदीच्याच कुळातले.

बागेतल्या जास्वंदीला सहसा बी धरत नाही, म्हणून पावसाळ्यात फांदी लावावी. ऊन भरपूर हवं, मुळाशी पाणी साचू नये. पिठ्या ढेकूण दिसला, की पाण्यात कडुनिंबाचं तेल आणि किंचित साबण मिसळून फवारावं.

फूल बहुधा एकच दिवस टिकतं, म्हणून पूजेला सकाळीच खुडतात. लाल रंग शक्तीचा. आपल्याकडे जास्वंद गणपतीला प्रिय, बंगालमध्ये कालीमातेला तिचेच हार.