दाराआडचा दिवा
(मंडळात दिलेल्या भाषणावरून)



पणजीत चर्चसमोरच्या बागेत आम्ही ऑफिसातले तिघे-चौघे दुपारचा डबा खातो. बागेचं नाव गार्सिया द ओर्ता. इतकी वर्षं बसलो, पण हा कोण ते आम्हाला ठाऊक नव्हतं. तो पोर्तुगीज वैद्य, 1534 साली गोव्यात आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला. 1568 मध्ये तो ख्रिश्चन म्हणून वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशननं त्याच्या बहिणीला, कातारिनाला, चोरून ज्यू धर्म पाळल्याबद्दल जाळलं. 1580 मध्ये त्याचीही हाडं उकरून जाळली.

पोर्तुगालच्या राजानं 1497 मध्ये ज्यूंना सक्तीनं बाटवलं होतं. गार्सियाचं घराणं त्यातलंच. तशीच काही कुटुंबं तिथल्या बेल्मोंत या डोंगराळ गावात राहिली. लग्न चर्चमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी मात्र घरात तेलाचा दिवा, तोही लपवून. प्रार्थना आईनं मुलीला तोंडी शिकवायच्या. 1917 मध्ये सॅम्युएल श्वार्त्झ हा पोलिश खाण इंजिनिअर (म्हणजे आमच्याच जातीचा!) तिथं पोचला. मीही ज्यू, म्हणाला. कोण विश्वास ठेवणार? एका म्हातारीनं सांगितलं, प्रार्थना म्हणून दाखव. त्यानं हिब्रूत सुरू केली. तिला ओ की ठो कळेना. मग ‘अदोनाय’, म्हणजे देवाचं नाव, आलं आणि तिनं हातांनी डोळे झाकून घेतले. हिब्रूतला तेवढाच शब्द त्यांच्याकडे उरला होता.

खरी ओढाताण पुढे, भीती संपल्यावर झाली. रब्बी आले, 1996 मध्ये सिनेगॉग उभं राहिलं. पण रीतसर ज्यू व्हायचं तर पुरुषांना सुंता, सगळ्यांना नवे नियम, आणि आजीच्या पोर्तुगीज प्रार्थनांना तिथं जागा नाही. चारशे वर्षं जीव मुठीत धरून जे जपलं, ते चुकीचं म्हणायचं? काहींनी नवी रीत घेतली. काही बायका मात्र घरात दार लावून जुनंच म्हणत राहिल्या.

आम्हाला हे परकं वाटलं नाही. आमच्या घरी चवथीला मूर्ती नसते, पत्री पुजतात. पोर्तुगीजांच्या धाकात मूर्ती आणायची सोय नव्हती, असं वडीलधारे सांगत. आता कुणाची बंदी नाही. मुलं दरवर्षी हट्ट धरतात, मूर्ती आणूया. आईचं उत्तर ठरलेलं, “पत्री काडली जाल्यार तो आमचो गणपती न्हय.”

मुलांचंही आम्हाला पटतं. यंदा माटोळी बांधताना पुन्हा तोच वाद झाला, आणि शेवटी आम्ही पत्री आणायला डोंगरावर गेलो.