पेशींचे बळ आणि विलंबाची किंमत

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)





वर्षाचा जमाखर्च आपणांसमोर छापील स्वरूपात आहेच. आम्ही मूळचे वाणिज्य शाखेचे पदवीधर. तरीही आज एका वैद्यकीय विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत. कारण त्याची किंमत रुग्ण मोजतात आणि ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

गतवर्षी एक भगिनी स्तनातील गाठ दाखविण्यास आल्या. डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासण्याचा सल्ला दिला. "गाठीला सुई लावली की ती चवताळते," असे घरातील वडीलधाऱ्यांचे मत पडले आणि मंडळी परत गेली. आठ महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, तेव्हा रोग काखेपर्यंत पोहोचला होता. सुई तर कोणीच लावली नव्हती; मग रोग पसरला कसा? हा प्रश्न आम्ही आमच्या डॉक्टरांना विचारला. त्यांच्याकडून जे समजले, ते आपणांसमोर ठेवीत आहोत.

पेशी ही निश्चल वीट नव्हे. तिच्या अंतरंगात ॲक्टिन नामक प्रथिनाचे सूक्ष्म तंतू असतात. पुढच्या कडेला ते वाढत जातात व पेशीचे आवरण पुढे ढकलतात. मायोसिन हे दुसरे प्रथिन या तंतूंना ओढून पेशीचा मागील भाग आवळून घेते. आपल्या स्नायूंचे आकुंचनही याच जोडीमुळे होते. 1980 साली अमेरिकेत अल्बर्ट हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकोन रबराच्या अतिशय पातळ पापुद्र्यावर जिवंत पेशी ठेवल्या, तेव्हा पेशींच्या ओढीने त्या पापुद्र्याला सुरकुत्या पडल्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीचे बळ असे प्रत्यक्ष दिसले.

हे बळ मुळात आपले रक्षणकर्ते आहे. जंतुसंसर्ग होताच श्वेतपेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढून तेथे धावतात, त्या याच बळावर. जखमेच्या कडा जवळ येतात, त्याही पेशींच्या ओढीमुळे. कर्करोगाची पेशी हेच बळ विपरीत कामी लावते. गाठीभोवतीची ऊती कठीण होते, म्हणून ती हाताला टणक लागते. आणि ऊती जितकी कठीण, तितकी पेशीची ओढ वाढते. चिंचोळ्या फटीतून जाताना अडचण होते ती केंद्रकाची, कारण पेशीतील तो सर्वांत ताठर भाग. 2016 साली अमेरिका व फ्रान्समधील दोन संशोधक गटांनी दाखविले, की अशा वेळी केंद्रकाचे आवरण फाटते, पेशी ते पुन्हा सांधते आणि पुढे जाते.

ज्या पेशीजवळ स्वतःचे एवढे सामर्थ्य आहे, तिला प्रवासासाठी सुईची वाट पाहावी लागत नाही. सुईच्या मार्गाने पेशी पसरल्याची उदाहरणे विरळ आहेत. ज्या मोजक्या अवयवांत तशी शंका असते, तेथे डॉक्टर आधीच वेगळा मार्ग निवडतात. स्तनाच्या गाठीत मात्र सुईच्या तपासणीवाचून उपचारांची दिशाच ठरत नाही. आपण थांबतो, पेशी थांबत नाही.

येथे दोष त्या कुटुंबास देऊन चालणार नाही. त्यांची भीती प्रामाणिक होती. त्या दिवशी त्यांच्याजवळ बसून, त्यांच्या भाषेत हे समजावून सांगणारे येथे कोणी नव्हते. बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत आम्ही त्यांना कागद दिला, वेळ दिला नाही. ही उणीव आमची आहे, हे या सभेत नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. त्या भगिनींवर सध्या आपल्या येथेच उपचार सुरू आहेत.

यापुढे तपासणीस नकार देणाऱ्या प्रत्येक रुग्णाशी व त्याच्या घरच्यांशी स्वतंत्र बसून बोलले जाईल आणि पंधरा दिवसांत त्यांची पुन्हा चौकशी होईल, अशी व्यवस्था आम्ही करीत आहोत. देणगीदारांनी यंत्रसामग्रीस नेहमीच सढळ हस्ते साहाय्य केले. या कामासाठी लागणाऱ्या माणसांसाठीही करावे, ही विनंती. आणि आप्तेष्टांना एवढेच सांगणे, की मनात शंका असेल तर ती घेऊन घरी जाऊ नका. आमच्याकडे या व विचारा.