वाटेवरचे औदार्य
(ज्युबिली समारंभाच्या सायंकाळी केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा कोणता विषय घ्यावा या विचारात आम्ही पडलो. मंदिर उभारणारे, शाळा चालविणारे व देणग्या देणारे यांचे गुणगान इतर वक्ते करतील आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांची नावे कोणत्याही संगमरवरी पाटीवर कोरली जात नाहीत, अशा एका वर्गाची आठवण करावी, असे आमच्या मनाने घेतले. तो वर्ग म्हणजे भाड्याची गाडी चालवून पोट भरणारे चालक. कोठे रिक्षावाले, कोठे टॅक्सीवाले, तर रायगड जिल्ह्यात विक्रम-मिनिडोरवाले.

पेण तालुक्यात जिते नावाचे गाव आहे. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे लहानसे स्टेशन असून मुंबई-गोवा महामार्गही जवळूनच जातो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका सायंकाळी एका स्नेह्याच्या घरून आम्ही तिघेजण परत निघालो होतो. रस्त्यावर येऊन उभे राहतो न राहतो, तोच आमच्यापैकी वडीलधाऱ्या गृहस्थांच्या छातीत कळ आली व ते मटकन खाली बसले. एसटीचा पत्ता नव्हता. मोटारी पाणी उडवीत निघून जात होत्या. इतक्यात पेणकडून खारपाड्याच्या दिशेने जाणारी एक सहा आसनी रिक्षा आपण होऊन थांबली. आत तीन उतारू होते. चालकाने त्यांच्याकडे केवळ वळून पाहिले. ते मुकाट्याने उतरले व दुकानाच्या पत्र्याखाली जाऊन उभे राहिले. त्यांचे भाडे त्याने घेतले नाही.

पुढचे सांगताना आम्हांस संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. आजाऱ्यास हात देण्यापूर्वी आम्ही त्याला विचारले, “पेणपर्यंत किती घेणार?” तो एवढेच म्हणाला, “आधी बसा.”

वाटेत हात करणाऱ्यांसाठी तो एकदाही थांबला नाही. पेणच्या सरकारी रुग्णालयात पोहोचताच तो स्वतः आत धावला व ढकलगाडी घेऊन आला. पनवेलहून नातलग येईपर्यंत, म्हणजे रात्री दहापर्यंत, तो बाकावर बसून राहिला. आम्ही मोठी नोट पुढे केली, तेव्हा त्याने तीन सीटांचे नेहमीचे भाडे तेवढे कापून घेतले व बाकीचे पैसे परत केले. “आजाऱ्याच्या नावाने जास्त कसे घेऊ?” हे त्याचे शब्द. आमचे गृहस्थ देवकृपेने बरे झाले. आठ दिवसांनी पेढे घेऊन आम्ही पेणच्या नाक्यावर गेलो, तेव्हा कळून चुकले की, त्याचे नावच आम्ही विचारले नव्हते. इतर चालकांस ती हकीकत सांगितली, तेव्हा एकजण म्हणाला, “कोण असेल ते सांगता येत नाही, साहेब. आमच्यातला कोणीही गेला असता.”

बंधुभगिनींनो, या औदार्याची खरी किंमत समजण्यासाठी त्या धंद्याचे गणित समजले पाहिजे. शेअर गाडीत प्रत्येक सीट मोजलेली असते. गाडी भरल्याशिवाय फेरी परवडत नाही. इंधन, कर्जाचा हप्ता अथवा मालकाचे दिवसाचे पैसे वजा जाता उरेल ती घरची भाकर. म्हणून रिकामी गाडी हाकणे, किंवा तीन तास रुग्णालयात बसणे, म्हणजे त्या दिवसाच्या ताटातील वाटा काढून देणे होय. आम्ही देतो ते बहुधा उरलेल्यातून. तो देतो ते लागणाऱ्यातून. विधवेच्या दोन दमड्या प्रभूने का मोठ्या मानल्या, हे आम्हांस त्या रात्री समजले.

हे उदाहरण एकटे नाही. २०२१ च्या एप्रिल महिन्यात कोरोनाची दुसरी लाट चालू होती. आप्तही जवळ येण्यास कचरत होते, तेव्हा मुंबईत घाटकोपर भागातील एक शाळामास्तर अंगावर संरक्षक पोशाख चढवून रिक्षा चालवीत व रुग्णांना रुग्णालयात विनामूल्य पोहोचवीत असत. त्याच दिवसांत भोपाळच्या एका रिक्षाचालकाने पत्नीचे दागिने विकून आपल्या रिक्षात प्राणवायूचे नळकांडे बसविले.

परोपकारी शोमरोन्याची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्याने जखमी माणसास आपल्या जनावरावर बसविले, म्हणजे स्वतः पायी चालला, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्यालाही कोठेतरी वेळेवर पोहोचावयाचे असेलच. शिवाय तो परक्या पंथाचा होता. आमचा चालकही आमच्या धर्माचा नव्हता. आमचा धर्म कोणता, हे त्यानेही विचारले नाही.

पूर्वी पोलीस-कचेरीच्या भीतीने पुष्कळजण अपघातस्थळी थांबत नसत. ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अशा साहाय्यकांच्या संरक्षणाचे नियम मान्य केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. अपघातातील जखमीस सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही, की नाव सांगण्याची सक्तीही होत नाही. ही गोष्ट आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावी.

सर्वच चालक साधू आहेत, असे आमचे म्हणणे नाही. भाडे नाकारणारे व अडल्यावेळी जादा मागणारेही भेटतात. परंतु त्यांच्या कागाळ्या आपण घरोघर सांगतो आणि भल्याची गोष्ट मात्र विसरतो, हा न्याय नव्हे. आता भ्रमणध्वनीवरून गाडी बोलाविता येते व चालकाचे नाव पडद्यावर दिसते. किती जण ते वाचतात? गाडी दारात आल्यावर ती रद्द करणे, सुट्या पैशांसाठी हुज्जत घालणे, त्याला उन्हात तिष्ठत ठेवणे, हे आपल्याकडून घडत नाही काय?

म्हणून आजच्या दिवशी एकच विनंती आहे. गाडीत बसाल तेव्हा चालकास नावाने हाक मारा, ठरलेले भाडे आनंदाने द्या, आणि वाटेत कोणी पडलेला दिसला तर “किती घेणार?” हा प्रश्न ओठांवर येण्यापूर्वी “आधी बसा” हे दोन शब्द आठवा. ज्याचे नाव आम्हांस ठाऊक नाही, त्याचे नाव देवाच्या वहीत खचित आहे. आपल्या प्रार्थनांत त्याला स्थान असावे, इतके मागून आम्ही आपली रजा घेतो.