राज्याबाहेरचे गिऱ्हाईक आणि आपले बिल

(वर्धापनदिनी बेसा येथे केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण जे मी नुकसान सोसून शिकले, ते तुम्हांला फुकट मिळावे म्हणून उभी आहे.

माझी नणंद पांढुर्ण्याला असते. १९५६ पर्यंत नागपूर व पांढुर्णा एकाच राज्यात होते. आजही तिथे घरोघरी मराठी ऐकू येते. मला ते परके वाटलेच नाही. तिच्या ओळखीच्या दुकानदाराला मी २० किलो तिखट पाठवले आणि साध्या चिठ्ठीवर किंमत लिहून खाली ५ टक्के कर जोडला. त्याने विचारले, "ताई, तुमचा नंबर कुठे आहे?" मला वाटले, फोनचा नंबर मागतो! माल परत आला. जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडले.

मागून एका करसल्लागारांनी समजावले. आपल्याकडे २००५ साली व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर. राज्यातल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. परंतु कर लागणारा माल परराज्यात विकायचा, तर पहिल्या किलोपासून नोंदणी हवी. नोंदणी नसताना कर मागणे तर मुळीच चालत नाही. माझ्या हातून दोन्ही चुका झाल्या होत्या.

पापडावर मात्र कर नाही. नुसते पापडच विकणाऱ्या बहिणीला परराज्यासाठीही नोंदणी नको. लोणचे, तिखट, मसाला यांवर ५ टक्के कर आहे. माल महाराष्ट्रात विकला तर बिलात तो केंद्र व राज्य असा निम्मा निम्मा लिहायचा. बाहेर गेला तर एकात्मिक कर म्हणून एकच आकडा.

बिलावर अनुक्रमांक, तारीख, दोघांची नावे, पत्ते व नोंदणी क्रमांक, मालाचे वजन, किंमत, कर, माल कोणत्या राज्यात जातो ते आणि सही हवी. नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्राचे २७, मध्य प्रदेशाचे २३. बिल बरोबर असले आणि आपण विवरणपत्र वेळेवर भरले, तरच दुकानदाराला त्या कराची वजावट मिळते. म्हणून तो नंबर मागतो.

नोंदणीला सरकार फी घेत नाही. मात्र नंतर विक्री झाली नाही तरी विवरणपत्र भरावे लागते. विसरले तर दंड.

मी आता नोंदणी केली आहे. तेच तिखट त्याच दुकानात गेले, यंदा बिलासकट. नणंदेकडे जाताना आपण राज्याची हद्द पाहत नाही. बिल लिहिताना मात्र जरूर पाहावी.