सिंहगडाचा पोवाडा : इतिहास आणि कवन
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



देवळाचा जीर्णोद्धार करताना गवंडी आधी पाहतो की, मूळ दगड कोणता आणि मागाहूनची भर कोणती. शाहीर तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्याकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे.

पाया पक्का आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात कोंढाणा मोगलांकडे गेला. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी रात्री कडा चढून तो परत घेतला. किल्लेदार उदेभान पडला, तानाजीही धारातीर्थी पडले.

पोवाड्यात याहून पुष्कळ आहे. जिजाऊंचा सोंगट्यांचा डाव आहे, यशवंती घोरपड आहे. सभासदाच्या बखरीत मात्र घोरपड नाही. मावळे वानरांसारखे कडा चढले, एवढेच आहे. तानाजींच्या मृत्यूनंतर गडाला सिंहगड नाव मिळाले असे सांगतात. परंतु शिवरायांच्या १६६३ च्या पत्रातच ते नाव आहे.

मग पोवाडा खोटा काय? नव्हे. गोंधळी-शाहिरांनी तो मुखोद्गत जपला, म्हणूनच १८९१ मध्ये ॲक्वर्थ व शाळिग्राम यांना तो छापता आला.

पुढे पोवाड्याला राजकारणाचे बळ आले. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवरायांवर पोवाडा रचून कुणब्यांचा राजा उभा केला. १८९६ पासून लोकमान्यांच्या शिवोत्सवाने तेच नाव परकीय सत्तेविरुद्ध गाजविले. सावरकरांचा सिंहगडाचा पोवाडा तर इंग्रज सरकारने जप्त केला. प्रत्येकाने आपल्या गरजेचा सभामंडप बांधला. पाया एकच राहिला. तंटा होतो तो मंडपालाच पाया म्हटल्यामुळे. शिवराय आमचेच, तुमचे नव्हेत, असे म्हणत एकाच गावचे लोक एकमेकांसमोर उभे राहतात, तेव्हा पोवाड्याचे तेज जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पोवाड्यात तानाजी, सूर्याजी, शेलारमामा यांची नावे आहेत. बरोबर कडा चढलेल्या शेकडो मावळ्यांची नाहीत. देवळाच्या फरशीवर देणगीदारांची नावे कोरली जातात, ते योग्यच. पण डोक्यावर पाट्या वाहिलेल्या बायामाणसांची कोण कोरतो? त्यांची आठवण गावानेच ठेवायची असते.

तेव्हा या देवळासमोर डफ वाजेल त्या दिवशी पोवाडा घोरपडीसकट गाजू द्यावा. मुलांनी विचारले तर खरे काय तेही सांगावे. आणि ऐकायला सावद्याच्या सर्व आळ्यांतील माणसे एकाच सतरंजीवर बसावीत.

जय हिंद, जय महाराष्ट्र!