जखमी सरडगुहिऱ्याची शुश्रूषा



माणसाचा बेभरवशाचा स्वभाव वर्णन करावयाचा झाला, की आपण सरड्याची उपमा देतो. ‘सरड्यासारखा रंग बदलतो’ या एका वाक्यात माणसाची निंदा होते आणि सरड्याचीही. परंतु हाच प्राणी जखमी होऊन एखाद्या घराच्या आश्रयाला आला, तर त्याचा बदलता रंग हाच शुश्रूषा करणाराचा मोठा आधार ठरतो.

येथे अभिप्रेत असलेला प्राणी म्हणजे कुंपणावर मान हलवीत बसणारा नेहमीचा सरडा नव्हे. हा सरडगुहिरा, इंग्रजीत त्याला शॅमेलिऑन म्हणतात. भारतात आणि श्रीलंकेत आढळणाऱ्या या जातीचे शास्त्रीय वर्णन लॉरेंटी या शास्त्रज्ञाने १७६८ साली केले. याच्या प्रत्येक पावलाची पाच बोटे दोन जुडग्यांत विभागलेली असतात, म्हणून पाऊल चिमट्यासारखे फांदी धरते. शेपटी तर पाचवा हातच होय. झाडावर ही सारी रचना शोभते. सपाट रस्त्यावर मात्र तो झुलत झुलत, पाऊल अडखळवीत चालतो. मादीला अंडी मातीत पुरण्यासाठी खाली उतरावेच लागते. अशा वेळी वाहनाचे चाक, मांजर किंवा कावळा त्याला गाठतो. आणि ‘हा विषारी आहे’ या समजुतीने उचललेला दगड तर आहेच! वस्तुतः त्याच्या ठायी विषाचा लवलेशही नाही. अंग फुगवून, तोंड वासून तो फुसकारतो, ते केवळ दुबळ्याचे अवसान होय.

जखमी सरडगुहिरा दिसला, तर शेपटीला धरून त्याला उचलू नये. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा वाढते. याची वाढत नाही. त्याच्यापुढे एक काठी धरावी. तो आपण होऊन तिच्यावर चढेल. चढण्याचे त्राण नसेल, तर दोन्ही हातांनी खालून आधार द्यावा. मग हवा खेळती राहील अशा खोक्यात मऊ कापड घालून, एक आडवी फांदी अगदी खालच्या उंचीवर बसवून, त्याला शांत जागी ठेवावे. पाय मोडलेला प्राणी उंचावरून पडला, तर दुसरा पायही जाईल. जखमेवर घरगुती लेप किंवा माणसांची औषधे लावू नयेत. ते काम पशुवैद्याचे आहे.

पाणी वाटीत ठेवले, तर बहुधा तो त्याकडे पाहतही नाही. रानात तो पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब चाटतो. म्हणून फांदीवर पाण्याचे बारीक तुषार उडवावेत. तोंड बळेच उघडून पाणी ओतले, तर ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. अन्नही असेच त्याच्या कलाने द्यावे. नाकतोडा दिसला, की एरवी दोन दिशांना पाहणारे डोळे त्या एका भक्ष्यावर स्थिर होतात आणि देहाहून लांब जीभ सुटते. ज्या दिवशी ही जीभ सुटेल, तो दिवस आशेचा समजावा.

या प्राण्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ऊन न मिळाले, तर खाल्लेले पचत नाही आणि जखमही भरत नाही. म्हणून सकाळचे कोवळे ऊन हवे, आणि कंटाळल्यास सरकावयास सावलीही हवी. काचेच्या पेटीत घालून उन्हात ठेवणे मात्र घातक. पेटी थोड्याच वेळात भट्टीसारखी तापते, आणि हाडांना बळ देणारे अतिनील किरण काचेतून पुरेसे येत नाहीत.

आता रंगाकडे वळू. कातडीतील सूक्ष्म स्फटिकांमधील अंतर बदलल्याने रंग पालटतो, हे जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली मादागास्करच्या एका जातीत दाखविले. शुश्रूषा करणाराने एवढेच जाणावे: सकाळी गारठलेला प्राणी काळसर दिसतो, तो ऊन शोषून घेण्यासाठी, उन्हात तो उजळला, तर चिंता नसावी. पण दिवसभर काळवंडलेलाच राहिला, भरदिवसा डोळे मिटून बसला, किंवा डोळे खोल गेले, तर दुखणे बळावले असे समजावे. माणूस हात लावताच तो काळवंडत असेल, तर हात दूर ठेवणे हाच उपचार होय.

येथेच दयेची खरी परीक्षा होते. घरातल्या मुलांना वाटते, याला नाव द्यावे, खांद्यावर बसवावे, कायमचा ठेवून घ्यावा. हेतू वाईट नसतो. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्याला संरक्षण दिले आहे. तो पाळता येत नाही. असा प्राणी हाती आल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे लागते, आणि पुढील उपचार त्यांच्या सांगण्याप्रमाणे व्हावे लागतात. घराकडे येते ती पहिल्या काही तासांची राखण. ती थोडी असली, तरी प्राणी जगतो की मरतो, हे पुष्कळदा तिच्यावरच ठरते.

जखम भरण्यास आठवडे लागतात, कधी महिनेही. मग एका सकाळी, जेथे सापडला त्याच परिसरात, रस्त्यापासून दूर असलेल्या झुडपावर त्याला सोडले जाते. तो मागे वळून आभार मानीत नाही. एक पाऊल पुढे, एक मागे, असा झुलत तो पानांआड जातो. ज्या मुलाने पहिल्या दिवशी त्याच्यापुढे काठी धरली, त्याला ते पाहावयास अवश्य न्यावे.